विचारलं की थांबायचं

मार्च लागला की आमच्या कसबा पेठेतल्या गल्लीचा आवाज आपोआप खाली येतो. तसा हुकूम कुणी काढत नाही. खालच्या दुकानातला रेडिओ पुटपुटू लागतो, समोरच्या इमारतीतले काका स्कूटर सुरू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतात, आणि एरवी जिन्यात उभ्याने तासभर गप्पा मारणाऱ्या बायका खुणांवर भागवतात. विचारलं तर उत्तर एकच, "परीक्षा आहेत." कुणाच्या, ते विचारायचं नसतं. ज्यांच्या घरात शिकणारं कुणीच उरलेलं नाही तेही टीव्ही हळू लावतात. पलीकडच्या आळीतली तांब्यावरची ठोक तेवढी चालू राहते. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की खिडकीतून मोगऱ्याचा आणि कुणाच्या तरी गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांचा आंबूस वास एकदमच आत येतो, आणि मी हातातलं काम ठेवून खिडकीशी जाते. इतकी वर्षं झाली तरी जाते. माझीही परीक्षा मार्चमध्येच झाली होती. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि परीक्षेचं केंद्र होतं धायरीतली एक पत्र्याची शेड.

त्याआधी मी गायिका होते. पुण्यात गायिका म्हटलं की समोरचा आधी घराणं विचारतो, म्हणून मीच सांगून टाकते : पॉप. चंदेरी पँट, डोळ्यांवर येणारे केस, कॅसेटच्या वेष्टनावर अर्धाच चेहरा. माझं एक गाणं चाललं. चाललं म्हणजे असं, की दोन गणेशोत्सव, एक नवरात्र आणि असंख्य हळदी त्याच्यावर नाचल्या. गाण्याचं नाव 'गिरकी'. "गिरकी घे, गिरकी घे, आभाळ फिरव ना," एवढ्यावर ते सगळं उभं होतं. आईला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ती पोळ्या करत होती. लाटणं न थांबवता तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "चाल छान आहे. शब्द नसते तर अजून छान झालं असतं." आई शाळेत मराठी शिकवायची. तिने आपलं कौतुक केलं की टिंगल, हे माणसाला घरी पोचल्यावर कळतं, असं तिच्याबरोबरचे शिक्षक म्हणायचे.

आम्हा कार्यक्रमवाल्यांचं वर्ष इतरांहून वेगळं. ते गणपतीत सुरू होतं, डिसेंबरच्या संमेलनांत फुगतं आणि मार्चमध्ये कोरडं पडतं, कारण परीक्षांच्या दिवसांत लाउडस्पीकर लावायची कुणाची छाती होत नाही. इतर वर्षी हा महिना मी गुळण्या करत आणि झोपा काढत घालवायचे. त्या वर्षी मात्र कळून चुकलं की ही कोरड मार्चपुरती नाही. कॅसेटच्या दुकानांत मोबाइल दिसू लागले होते. ज्या कंपनीने 'गिरकी' काढलं तिथे फोन नुसता वाजत राहायचा. हिवाळ्यातल्या शेवटच्या कार्यक्रमात निवेदकाने माझी ओळख "एके काळी आपल्या सगळ्यांना नाचवणाऱ्या" अशी करून दिली, आणि मी हसत हसत स्टेजवर गेले. मला राग आला होता. लाजही वाटली होती. पण त्या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मला काम हवं होतं. सकाळी उठून जिथे माझी वाट बघत असतील अशी एक जागा हवी होती.

ती जागा नसीमताईंनी दाखवली. नसीमताई आमच्याच पेठेतल्या. घरचा पिढ्यान् पिढ्यांचा अत्तराचा धंदा, त्यांनी स्वतः मात्र आयुष्यभर बालवाडी चालवली. आता पुण्यातल्या केबलवरच्या एका छोट्या चॅनेलसाठी त्या मुलांचा कार्यक्रम बसवत होत्या. नाव होतं 'भुऱ्या कुठंय?' भुऱ्या म्हणजे राखाडी पायमोज्याचं मांजर. ते दर भागात लपून बसणार, निवेदिकेने त्याला शोधायचं, आणि शोधता शोधता रंग, आकडे, भाज्या, वार सगळं येऊन जायचं. नसीमताई घरी आल्या, चहा प्यायल्या आणि सरळ म्हणाल्या, "माझ्या बालवाडीत तुमचं 'गिरकी' लावलं की रडणारी मुलं गप्प व्हायची. तुम्ही याल का?"

मी हो म्हणाले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "बरं झालं. आता तरी आपल्या वयाच्या लोकांत काम करेल."

स्वारगेटवरून धायरीची बस धरायची. उन्हाने तापलेली पत्र्याची बस, खिडकीतून येणारी गरम हवा, सिंहगड रस्त्यावर मध्ये मध्ये उरलेली शेतं आणि त्यांच्या कडेने उभ्या राहिलेल्या अर्धवट इमारती. शेडमध्ये पूर्वी कांदा साठवायचे. आतून निळा रंग मारला होता, ढग काढले होते, तरी बारा वाजले की ढगांमधून कांद्याचा वास यायचा. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. मग घामाने मेकअप ओघळायचा, तो टिपायचा, पुन्हा उभं राहायचं. शेडचे मालक दत्तोबा गावातले जुने शेतकरी. बाकीची जमीन बिल्डरला गेली होती, ही शेड आणि कोंबड्या तेवढ्या त्यांनी राखल्या होत्या. कोंबड्याही रेकॉर्डिंगच्या वेळीच ओरडायच्या.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. कार्यक्रमात आठ-नऊ वर्षांची चुणचुणीत मुलं बसवायची असं ठरलं होतं. शाळेतून निरोप आला, मुलं येणार नाहीत. दत्तोबा दारात उभे राहून डोकं खाजवत होते.

"बाई, शाळंची पोरं न्हाई मिळायची. समद्यांची परीक्षा हाय," ते म्हणाले. "बालवाडीची हायत. चालत्याल का? त्यास्नी परीक्षा नसती."

नसीमताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणा."

अशी मला माझी पहिली प्रेक्षक मंडळी मिळाली. तीन-चार वर्षांची, तेल लावून चापून भांग पाडलेली, गालावर पावडरचे पट्टे असलेली. ती रांगेत बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हजारो लोकांसमोर गायले होते, पण इतकं टक लावून माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

आता स्टेजवरच्या माणसाला एक सवय असते, ती सांगायला हवी. त्याला शांततेची भीती वाटते. गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत बोलत राहायचं, हात वर करायला लावायचे, 'आवाज येत नाहीये' म्हणून ओरडायचं. माइक लोकांकडे वळवला आणि लोक क्षणभर उशिरा गायले तर ती ओळ आपणच गाऊन टाकायची. सगळ्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा हा नियम. लोक गप्प झाले की संपलं, हे पहिल्याच महिन्यात अंगात भिनतं. मी तोच नियम घेऊन धायरीला गेले होते.

"भुऱ्या कुठंय?" मी विचारलं. भुऱ्या माझ्या पाठीमागच्या टोपलीतून डोकं काढून बसला होता. मुलं बघत होती. "मागे आहे, हो की नाही?" मी म्हणाले. "ही कुठली भाजी? भेंडी. शाब्बास. भेंडीचा रंग कुठला? हिरवा. वा." मुलांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. मी मात्र मोठ्या उत्साहात टाळ्या वाजवत होते.

नसीमताईंनी कॅमेरा थांबवला. जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्हीच विचारताय, तुम्हीच सांगताय, शाब्बासकीही स्वतःलाच देताय. मग या लेकरांना उन्हातून कशाला आणलंय?"

"ती बोलतच नाहीत, ताई."

"बोलतील. त्यांचं उत्तर पायापासून निघतं. तोंडाशी यायला वेळ लागतो. आणि ही समोर आहेत ती थोडीच. घरी टीव्हीसमोर जी बसणार आहेत त्यांच्यासाठी जागा कुठे सोडलीत तुम्ही? विचारलं की थांबायचं."

ऐकायला सोपं वाटतं. कुणीही करून बघावं. लहान मुलाला प्रश्न विचारावा आणि खरोखर थांबावं. भुवया उडवायच्या नाहीत, 'सांग, सांग' म्हणायचं नाही, अर्धा शब्द पुढे करायचा नाही. नुसतं थांबायचं, तेही चेहऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवून, की उत्तर येणार आहे. मला ते जमेना. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल दिवा जळतोय, समोर काहीच घडत नाहीये, आणि माझ्या सगळ्या अंगातून एकच हाक, बोल, काहीतरी बोल, लोक उठून जातील. रोज संध्याकाळी बसमधून परत येताना मी ठरवायचे, उद्या सोडून द्यायचं. पण स्वारगेटला उतरून चालायला लागले की वाटायचं, सोडून जायचं कुठे? आणि तेवढंच नव्हतं. एका पायमोज्याच्या मांजरापुढे आपण हरतोय, हे मला पटेना. मी जिद्दीला पेटले.

उपाय शेवटी माझ्याच गाण्यात सापडला. प्रश्न विचारायचा, तोंड मिटायचं आणि मनातल्या मनात 'गिरकी'ची पहिली ओळ पूर्ण म्हणायची. ती संपेपर्यंत बोलायचं नाही. पहिल्या दिवशी कॅमेरामन म्हणाला, "मॅडम, ओठ हलतायत." हलणारच. कितीतरी कार्यक्रमांत मी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवले होते, आत आवाज बंद ठेवून. आता उलटं करायचं होतं, आत गाणं चालू आणि ओठ बंद. घरी आरशासमोर उभी राहून मी सराव केला. मंडईत भाजीवाल्याला भाव विचारून थांबायचे, तो भाव सांगून वर विचारायचा, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

आणि एका दुपारी ते घडलं. मी विचारलं, "भुऱ्या कुठंय?" गप्प राहिले. गाण्याची ओळ संपली, दुसरी सुरू झाली. पत्रा उन्हाने कडकडत होता. पुढच्या रांगेतला एक गोल डोळ्यांचा मुलगा हळूहळू उठून उभा राहिला. नसीमताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मुलाने मोठा श्वास घेतला आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं, "मला शी लागली."

तेवढं कापलं. पण त्यानंतर मुलं बोलायला लागली. बहुधा त्यांना खात्री पटली की ही बाई खरंच ऐकते. भेंडीला मिरची म्हणाली, सोमवारनंतर रविवार आणला, पण बोलली, आणि मी त्यांच्या चुकीच्या उत्तरानंतरही थांबायला शिकले, कारण बरोबर उत्तर पुष्कळदा त्याच्या मागून चालत येत असतं.

चॅनेलच्या साहेबांनी पहिले भाग पाहिले. त्यांच्या ऑफिसातल्या थंडगार खोलीत मी आणि नसीमताई बसलो होतो. सुपारी चघळत त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "इथे काय बिघडलंय? बाई नुसत्या बघतायत."

"बिघडलेलं नाही. घरातली मुलं तिथे उत्तर देणार आहेत," नसीमताई म्हणाल्या.

"घरातली मुलं तिथे चॅनेल बदलणार आहेत. हे सगळं कापून टाका."

नसीमताईंनी वाद घातला नाही. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कार्यक्रम तुमच्या चेहऱ्यावर चालणार आहे. तुम्ही सांगा."

माझ्याकडे दुसरं काही काम नव्हतं. पुढच्या गणपतीपर्यंत कुठून फोन येण्याची आशा नव्हती, आणि आला असता तरी 'एके काळी' म्हणूनच आला असता. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. तरी मी म्हणाले, "कापायचं असेल तर माझा चेहराही कापा." साहेबांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, "सुट्टीत लावून बघू. नाही चाललं तर बंद."

मे महिन्यात कार्यक्रम सुरू झाला. पहिला भाग मी घरी बघणार नव्हते, हिंमत नव्हती. कार्यक्रमाच्या वेळेला पिशवी घेऊन बाहेर पडले. उकाड्यामुळे गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात माझाच आवाज आला. वरच्या मजल्यावरून आला, बोळातून आला, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीतून आला. "भुऱ्या कुठंय?" आणि मग काहीच नाही. सगळ्या घरांतले टीव्ही एकदम गप्प झाले. मी रस्त्यात उभी. हीच ती रिकामी जागा, जिच्यासाठी मी पुढचं सगळं पणाला लावलं होतं, आणि आता ती मला बाहेरून ऐकायची होती. वाटलं, साहेब बरोबर होते.

मग पहिल्या मजल्यावरून एक बारीक आवाज आला, "मागे." पाठोपाठ समोरून, "मागे बघ." मग बोळातून, वरून, खालून, सगळ्या गल्लीभर, "मागे, तुझ्या मागे, अगं मागे बघ ना." मी खरंच मागे वळून पाहिलं. मागे फक्त एक सायकलवाला होता, तो म्हणाला, "बाई, बाजूला व्हा."

कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. पुढे चॅनेलच बंद पडलं, ती वेगळी गोष्ट. अजूनही बँकेच्या रांगेत एखादा दाढीवाला तरुण वाकून विचारतो, "भुऱ्या कुठंय?" आणि बरोबरच्या बायकोला ओशाळून समजावून सांगतो. गाणं सोडल्याचं दुःख होतं का, असं लोक विचारतात. होतं. पण मी ते सोडलं असं मला वाटत नाही. ज्या गाण्यावर लोकांना नाचवलं तेच गाणं मी पुढे मनातल्या मनात, लोकांना बोलू देण्यासाठी म्हणत राहिले. गायिकेने गप्प बसून कमाई केली, असं आई म्हणायची.

आई म्हणायची, असं भूतकाळात लिहावं लागतं, कारण गेल्या दिवाळीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. चालते, जेवते, वर्तमानपत्रातल्या चुका बोटाने दाखवते. शब्द मात्र उशिरा येतात. तिला सगळं कळतं, सगळं म्हणायचं असतं, पण शब्द आतून निघून ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. भेटायला येणारी माणसं भली असतात. "काकू, पाणी हवंय? चहा? पंखा लावू? थकलात का?" अशी ती तिच्यापुढे शब्दांच्या बशा मांडतात आणि त्यातली एक स्वतःच उचलतात. आई डोळे मिटून घेते. आलेले म्हणतात, झोप आली वाटतं. जिने जन्मभर वर्गाला धारेवर धरलं तिच्या तोंडातलं वाक्य दुसऱ्या कुणी पूर्ण करावं, याचा मला संताप येतो. मी माणसांना थांबवते. काहींना ते आवडत नाही. न आवडो.

या मार्चमध्ये गार्गी आली. पंचविशीची, हुशार, पाठीवर पिशवी, हातात फोन लावायची तिपाई. फोनवर बघायचे मुलांचे छोटे व्हिडिओ ती करते, आणि तिला भुऱ्या पुन्हा आणायचा होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आमच्याच पुढच्या खोलीत तिने एक नमुना चित्रित केला. चार दिवसांनी परवा दुपारी तो दाखवायला आली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, तिनेही मान पुढे करून पाहिला. मी विचारत होते, "भुऱ्या कुठंय?" आणि लगेच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, "मागे आहे, बघितलंत?"

"गार्गी, मधली जागा कुठे गेली?"

"ती काढली, ताई. स्क्रीनवर काहीच होत नाही ना तेव्हा. मुलं लगेच स्वाइप करतात. अटेन्शनच नाहीये आता कुणाला."

"मग भुऱ्याला नको आणायला."

"ताई, असं एकदम नका ना म्हणू. टीमला हा कट खूप आवडलाय. थोडं ॲडजस्ट केलं तर..." ती उभ्या उभ्याच खोलीत इकडेतिकडे बघत होती, कुणीतरी आपल्या बाजूने बोलावं म्हणून. तिची नजर आईवर थांबली. ती प्रेमाने खाली वाकली. "आजी, तुम्ही सांगा ना. कसं वाटलं? छान ना? फास्ट आहे ना एकदम?"

आईचे ओठ उघडले.

"छान म्हणतायत," गार्गी मला म्हणाली.

आईचे ओठ मिटले. डोळेही मिटायला लागले. मी हात वर केला.

"गार्गी, आता काही बोलू नकोस." मी आईच्या समोर जाऊन बसले. "आई, हिला काय सांगू?"

आईने डोळे उघडले. खुर्चीच्या हातावर तिची बोटं हलली. गार्गीच्या हातातला फोन थरथरला, तिने तो बघितला नाही. आईने गार्गीकडे पाहिलं, वरून खालपर्यंत, वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावं तसं.

"हिला..." आई म्हणाली.

गार्गीच्या ओठांवर शब्द आला. मला दिसला. तिने तो गिळला. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तिला काय होतंय ते मला चांगलंच ठाऊक होतं.

"...बस म्हणावं."

आम्ही दोघी हललो नाही. आईचं संपलेलं नव्हतं. तिच्या कपाळावर आठी पडली, गेली, पुन्हा पडली.

"शिकेल," आई म्हणाली.

गार्गीने फोन पालथा ठेवला. स्टूल ओढून आईच्या पुढ्यात बसली.

"काय शिकू, आजी?" तिने विचारलं, आणि गप्प राहिली.